खर्च वादींनी सोसावा

खामगाव
१६ जून २०१४

महादेव,

तुझं पत्र मिळालं. वर 'तीर्थस्वरूप ताईस', खाली 'अर्धा खर्च लवकर पाठवावा', आणि मध्ये खुशालीचा एक शब्द नाही. एवढ्यासाठी पाकीट कशाला वाया घालवलंस? पोस्टकार्डावर मावलं असतं. पोस्टमनलाही कळलं असतं की शेवटी बाईंच्या वाट्याला काहीतरी अर्धं आलं.

आजवर आलं नव्हतं. कापसातली सरकी काढायची बाबांची जिन तू चालवलीस, जिनच्या आवारातला बंगला तू राहायला घेतलास, आणि मला कॉन्व्हेंट मिळालं. आई गेल्यावर मुलीचं काय करायचं हे बाबांना कळेना, म्हणून मला नागपूरला नन्सच्या हवाली केलं आणि तुला मांडीवर ठेवलं. तक्रार नाही. त्या नन्सच्या इंग्रजीवर मी नोकरी केली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि पेन्शन खाते आहे. पण विमा कंपनीवरचा दावा आपण हरलो, कंपनीचा सगळा खर्च वादींनी सोसावा असा निकाल झाला, आणि त्या दिवशी तुला अचानक आठवलं की आपण दोघं भावंडं आहोत.

वर लिहितोस, "तुह्या साक्षीनं केस बुडाली, तवा सारंच तू भरायला पायजे. मी अर्धंच मांगून राह्यलो." किती मोठं मन.

केस कशी बुडाली ते एकदा नीट वाच. बीटीचं बियाणं नवं होतं, कापूस इतका आला की शेड पुरेना, म्हणून तू आवारात गंजी लावलीस. ठिणगी उडाली, गंजी जळाली. यात लबाडी काही नव्हती. कंपनीने पैसे दिले असते. फक्त सर्व्हेअर येऊन राख बघेपर्यंत थांबायचं होतं. तुला धीर धरवला नाही, त्यात बायकोचं ऐकलंस. सत्यभामा म्हणाली, "लक्ष्मी जळाली हो, ते काय कचऱ्यात फेकाची हाये?" आणि तू गुरुजी बोलावलेस. माणसाची सावडतात तशी तिसऱ्या दिवशी कापसाची राख सावडलीस, झेंडूची फुलं वाहिलीस, ट्रॅक्टरमध्ये भरून पूर्णेत सोडलीस. आल्यावर आवार सारवून घेतलं. सर्व्हेअर आला तेव्हा सत्यभामेच्या रांगोळीवर उभं राहून त्याने विचारलं, "आग कुठे लागली होती?"

कोर्टात युसूफला काय विचारलं ते तू डोळे मिटून ऐकत होतास. मी उघडे ठेवून ऐकलं. बाबांच्या वेळेपासून तो आपल्याकडे काट्यावर कापूस तोलतो, त्याला खोटं बोलायची सवय कोणी लावली नाही.

"राख कुठे गेली?"

"पूर्णेले गेली, साहेब."

"वाहून?"

"नाही जी. आमीच नेली. सावडली ना."

"कोणाची राख सावडली?"

"कापसाची."

सगळं कोर्ट हसलं. जज्जसुद्धा कागदात तोंड घालून बसले. कंपनीच्या वकिलाला मात्र हसू आलं नाही. त्याने शांतपणे म्हटलं की पुरावा नष्ट केला, गंजी एवढी मोठी नव्हतीच, म्हणून राख लपवली. त्यानंतर मला पिंजऱ्यात बोलावलं. राख हलवू नये ही अट मला माहीत होती का? मी हो म्हटलं. पॉलिसी इंग्रजीत होती आणि त्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी होते. भावाला सांगितलं का? मी म्हटलं, त्याने विचारलं नाही.

व्हरांड्यात तू माझा दंड धरून ओरडलास, "माहीत होतं तं बोलली काऊन नाही?" तेव्हा म्हटलं तेच आता इथे परत लिहिते. तुम्ही कोणी मला विचारलं होतं? आगीची बातमी कळून मी आले, त्या तीन दिवसांत त्या घरात मला एकच प्रश्न विचारला गेला, की चहात साखर किती.

पैसे पाठवत नाही.

ताई

•

खामगाव
७ जुलै २०१४

महादेव,

शिव्या सत्यभामेच्या आहेत, अक्षर तुझं आहे. तिला म्हणावं, स्वतः लिही. लिहिता येतं तिला.

तू मला कायदा शिकवलास म्हणून मी जरा वाचलं. दाव्याची नक्कल कोर्टातून मागवून घेतली. तुला वाटलं मी घाबरेन. मी ती आंघोळ करून, चष्मा पुसून वाचायला बसले. तुझ्या वकिलांनी लिहिलंय: "वादी क्रमांक एक व दोन हे मयताचे वारस असून जिन, आवार व त्यातील बंगला यांचे समान हिस्सेदार आहेत." खाली तुझी सही, शपथेवर. पॉलिसी बाबांच्या नावावर होती, त्यामुळे मला वादी केल्याशिवाय दावाच लागत नव्हता. शाळेत येऊन माझी सही घेतलीस तेव्हा पेढे आणले होतेस. मी ते शिपायांना वाटले होते.

हक्कसोड करून घ्यायची तेवढी राहून गेली ना? सत्यभामा दर दिवाळीला म्हणायची, "ताईची सही घेऊन टाका." तू म्हणायचास, "ताई कुठी जाते?" ताई कुठेच गेली नाही. समान हिस्सेदार होऊन बसली आहे. अर्धा खर्च माझा असेल तर अर्धा बंगलाही माझा आहे. तू एक मागतोस, मी दोन्ही मान्य करते.

रिटायर झाले त्या वर्षी मी तुमच्याकडे मागच्या दोन खोल्या मागितल्या होत्या. आयत्या नाही, भाडं देईन म्हटलं होतं. सत्यभामा दारातच म्हणाली, "दोन दिवस ऱ्हा, चार दिवस ऱ्हा ताई, पन सामान कायले आनता?" तू आत पेपर वाचत होतास. पान उलटल्याचा आवाज मला आला. सामान टेम्पोतून खाली उतरलंच नाही. तसाच टेम्पो खामगावला परत आणला आणि ही भाड्याची जागा घेतली. इथे खाली पिठाची गिरणी आहे. माझ्या पुस्तकांवर बारा महिने पीठ असतं.

तुझ्या कुलदीपचा पुण्याहून फोन आला होता. तू त्याच्याकडे पैसे मागितलेस म्हणे. पोराने मला विचारलं, "आत्या, कायद्याने मला भरावं लागतं का?" मी खरं तेच सांगितलं. नाही. निकाल आपल्या दोघांवर आहे, त्याच्यावर नाही. तो म्हणाला, "मग डिंपल म्हणते ते बरोबर आहे." डिंपल काय म्हणते ते मी विचारलं नाही. सून आहे, बरोबरच म्हणत असेल.

तुझ्यासाठी एक गोष्ट फुकट सांगते. कंपनी हा खर्च आपल्यातल्या कोणाकडूनही वसूल करू शकते. माझ्याकडे पेन्शन आहे, तिला कोर्ट हात लावू शकत नाही. तुझ्याकडे बंगला आहे.

ताई

•

खामगाव
११ ऑगस्ट २०१४

महादेव,

काल तुम्ही गेल्यावर मी राखी उचलून ठेवली. बांधायची राहिली. तू हात पुढे केलाच नाहीस, हातात पिशवी होती.

इतक्या वर्षांत राखीला तू पहिल्यांदा माझ्याकडे आलास. एरवी मीच बसने नांदुऱ्याला यायची आणि तू हात धुवायलासुद्धा उठायचा नाहीस. काल सत्यभामेसह, नव्या कपड्यांत, रिक्षात स्टँप व्हेंडरला बसवून ठेवून आलास. बिचारा उन्हात घामाघूम झाला होता. त्याला पाणी मी दिलं.

"ताई, साडी पाह्य ना."

"पाहिली. खाली काय आहे?"

"कागद हाये. रिवाजाचा."

"वाच."

"मराठीतच हाये, तुले वाचता येते."

"येतं. तू वाच."

तू उभ्या उभ्या वाचलंस. मी माझ्या राजीखुशीने, कोणत्याही मोबदल्याशिवाय, भावावरील. तिथे अडलास. पुढचा शब्द 'प्रेमापोटी' असा होता. घसा खाकरलास, कागद डोळ्यांजवळ नेलास, आणि शेवटी तो शब्द सत्यभामेने वाचला. भाजीचा भाव सांगावा तसा.

मी म्हटलं, "मोबदल्याशिवाय लिहिलंय, मग साडी कशाची?"

"साडी तं चोळी-बांगडीची, ताई. सारेच भाऊ देतेत. वरवट बकालच्या सोजराबाईनं पाच एकर सोडलं भावाले, एका साडीवर. नाव निंघते तिचं."

"कोण काढतं?"

"मानसं."

"भाऊच ना?"

मग सत्यभामेला राहवलं नाही. "येवढ्या शिकल्या तुमी, पन पोटात माया नाही. ज्याले लेकरू नाही त्याले काय समजनार?"

मी म्हटलं, "तुम्हाला आहे ना. लावा कुलदीपला फोन, म्हणावं खर्च भर." तिने पदर तोंडाला लावला. हे मी बोलायला नको होतं असं शेजारच्या पुष्पाबाई नंतर म्हणाल्या. भिंतीपलीकडून त्या सगळं ऐकत होत्या. मी त्यांना सांगितलं की बोलायला हवं होतं म्हणूनच बोलले.

जाताना तू जिन्यात थांबलास. "ताई, जप्ती आली तं मी कुठी जाऊ?" मी म्हटलं, वडनेर भोलजीला सासुरवाडी आहे ना. तू माझ्याकडे बघितलंस तसं लहानपणी बघायचास, बाबांनी मला नागपूरच्या गाडीत बसवल्यावर. तेव्हा तू रडायचास. बाबा तुला भजी घेऊन द्यायचे आणि गाडी हलायच्या आत तू खायला लागायचास.

साडी परत पाठवते आहे. रंग चांगला आहे, सत्यभामेला शोभेल.

ताई

•

खामगाव
१२ सप्टेंबर २०१४

महादेव,

युसूफने फोन केला. बेलीफाने दारावर नोटीस चिकटवली, आणि सत्यभामा ओल्या फडक्याने ती खरवडत होती. "आपा, खळ लय पक्की हाये. अर्धा कागद निंघाला, अर्धा तसाच हाये. रस्त्यानं लोक थांबू थांबू पाहून राह्यले." मला आपा म्हणणारा तो एकटाच उरला आहे. तू त्याचा पगार थकवलास तरी तो तुझ्या दारात उभा असतो. का, ते मला समजत नाही.

आता ऐक. भावाने बहिणीला साडी नेसवून सही घ्यावी, हा रिवाज तू मला शिकवलास. बहिणीने भावाकडून सही घेताना काय द्यावं हे कोणी ठरवून ठेवलेलं नाही. मला सुचलं ते पार्सलने पाठवते आहे. शेला, पांढरी टोपी, नारळ. सोबत कागद आहे. बंगल्यातला तुझा हिस्सा तू माझ्या नावे सोडायचा, जिनमधला माझा हिस्सा मी तुझ्या नावे सोडते. बदल्यात कंपनीचा सगळा खर्च मी कोर्टात भरते. अर्धा नाही, सगळा. जप्ती उठेल.

जिन बंद पडली आहे, गावचा कापूस आता मोठ्या जिनांकडे जातो, पत्र्यांना गंज लागला आहे, हे मला ठाऊक आहे. पण ती बाबांची जिन आहे. मुलाकडेच राहायला हवी, नाही का?

नाही म्हटलंस तर बंगल्याचा लिलाव होईल. त्यात नांदुऱ्याचा कुठलाही व्यापारी बोली लावेल, आणि तू त्याला रस्त्यात रामराम करशील. माझ्याकडे गेला तर निदान घरातच राहिला असं सांगता येईल.

दसऱ्यापर्यंत कळव.

ताई

•

खामगाव
१८ ऑक्टोबर २०१४

महादेव,

काल नोंदणी झाल्यावर तू बोलला नाहीस म्हणून लिहिते.

तू टोपी घालून आलास. ती मी तुला टोचावी म्हणून पाठवली होती. तू ती खरंच रिवाज समजून डोक्यावर ठेवलीस, शेला घडी घालून खांद्यावर घेतलास, नारळ सत्यभामेच्या हातात. ऑफिसातले लोक विचारत होते की कोणाचं लग्न आहे. कारकुनाने तुझा अंगठा मशीनवर दाबला, उमटला नाही. कापूस चाचपून चाचपून तुझे ठसे झिजले आहेत. त्याने चार वेळा पुसून घेतला.

साहेबांनी विचारलं, "काही दबाव?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी पंख्याकडे.

"नाही साहेब. राजीखुशीनं. मोठी बहीन हाये."

शेवटचं वाक्य त्यांनी विचारलं नव्हतं. ते तू कशाला बोललास? रात्रभर मला त्याचा राग येत होता. तू लबाड असतास तर बरं झालं असतं.

कोर्टात पैसे भरले आहेत. जप्ती उठल्याचा कागद तुला मिळेल. दिवाळी तिथेच करा. भाऊबीज झाल्यावर किल्ली युसूफकडे द्या. देवघर रिकामं करून जा, तुमचे देव मला नकोत. भांडी सत्यभामेची सगळी न्यावीत, मला एक पातेलं पुरतं. तिला विचारू नकोस, नाहीतर ती पातेलंही मोजून नेईल.

ताई

•

नांदुरा
९ फेब्रुवारी २०१५

महादेव,

वडनेर भोलजीच्या पत्त्यावर पहिल्यांदाच लिहिते आहे. सासुरवाडीत बरा असशील. सत्यभामेचे भाऊ तुला जावई म्हणून पहिलं ताट देतात की आता सगळ्यांबरोबर बसवतात?

तुझं पत्र आलं. सत्यभामेला दम्याचा त्रास होतोय, तिथल्या खोलीत ओल आहे, मागच्या खोल्या रिकाम्या असतील तर. एवढं लिहून तू पुढची ओळ सोडून दिलीस. खोल्या रिकाम्या नाहीत. पुस्तकं लावली आहेत. पीठ झटकून, एकेक पुसून. संध्याकाळी तिथे बसते. जिनचं आवार समोर दिसतं, कोणी येत नाही. युसूफ फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. त्याचा थकलेला पगार मी दिला आणि पुढचाही देते. तो मला आपा म्हणत नाही आता, मॅडम म्हणतो.

दुसरी गोष्ट. ही तुला कोणाकडून तरी कळेलच, तेव्हा माझ्याकडून कळावी.

निकाल मान्य असला तरी नुसत्या खर्चाविरुद्ध वर दाद मागता येते, हे तुझ्या वकिलांनी तुला सांगितलं नाही. माझ्या वकिलांनी मला सांगितलं. ऑगस्टमध्येच, तू साडी घेऊन आलास त्याच्या आदल्या आठवड्यात, मी वरच्या कोर्टात अर्ज केला होता. वादी क्रमांक दोन म्हणून, माझ्या एकटीच्या नावाने. त्यात मी लिहिलं की माझ्या भावाने राख लपवली नाही. त्याने ती मनापासून सावडली. गंजी खरी होती, आग खरी होती, आणि त्याचं दुःखसुद्धा खरं होतं. तो मूर्ख आहे, लबाड नाही. मूर्खपणासाठी विमा कंपनीचे पैसे मिळू नयेत हे योग्य, पण मूर्खपणासाठी कंपनीच्या मोठ्या वकिलांचा खर्च माणसाच्या माथी मारू नये. तुझी बाजू इतकी चांगली, केस चालली त्या नऊ वर्षांत, कोणी मांडली नव्हती.

न्यायमूर्तींना ते पटलं. गेल्या आठवड्यात निकाल झाला. खर्चाचा हुकूम रद्द. दोन्ही बाजूंनी आपापला खर्च सोसावा. कंपनीला तुझ्याकडून एक पैसाही घेता येणार नाही. मी कोर्टात भरलेली रक्कम मला परत मिळते आहे.

म्हणजे तुला द्यायचं असं काहीच उरलं नसतं. सही करायच्या आधी आणखी चार महिने दम धरला असतास तर.

तू आता विचारशील की मला हे चालू आहे ते सांगितलं काऊन नाही. उत्तर तुला पाठ आहे, मी शाई वाया घालवत नाही. आणि बंगला परत देतेस का, हे विचारायला येऊ नकोस. मी वकिलांना विचारून घेतलं आहे. राजीखुशीने दिलेलं परत मागता येत नाही, आणि राजीखुशीने, तिथे साहेबांसमोर, तुझ्या तोंडाने तू म्हणालास.

परवा अंगणात तुळशीजवळ, गंजी होती तिथेच, माती उकरताना मला कापसाची जळकी सरकी मिळाली. बरीच आहे, खाली थर आहे अजून. तुझे लोक वरवरच सावडून गेले. सर्व्हेअरने हातभर खणलं असतं तरी तुझी केस उभी राहिली असती. त्यालाही सुचलं नाही, तुझ्या वकिलांनाही नाही. मी मूठभर घेऊन पाहिली आणि वर माती ओढून टाकली.

तेव्हा आता खर्च फक्त तुझ्या स्वतःच्या वकिलांचा राहिला आहे. त्यांची माणसं परवा इथे आली होती, थकलेली फी मागायला. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि वडनेर भोलजीचा पत्ता लिहून दिला. घर लवकर सापडावं म्हणून सत्यभामेच्या भावाचं नावही घातलं.

ताई